शेवटची फेरीबोट किती वाजता?

जुने गोवे येथील धक्क्यावर उभे राहिले की मांडवीच्या पलीकडे दिवाडी बेट दिसते. माडांची रांग, खाजन शेतीचे पट्टे, टेकडीवरचे पांढरे चर्च. फेरीबोटीने पैलतीर गाठण्यास काही मिनिटे पुरतात. मुंबई-पुण्यातील नोकरी संपवून एखाद्या निवांत जागी उरलेले आयुष्य काढू इच्छिणाऱ्यांना अशा बेटाने भुरळ घातली, तर त्यात नवल नाही. जुने कौलारू घर, अंगणात विहीर, गाड्यांचा गोंगाट नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला मी स्वतः याहून चांगले वातावरण सुचवू शकणार नाही.

परंतु दिवाडीला पूल नाही. नकाशावर हे बेट पणजीच्या जवळ असले, तरी मध्यरात्री छातीत कळ आलेल्या माणसासाठी ते जवळ राहत नाही. बेटावरचे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, वेळेत मोजावे लागते, आणि तेही दिवसाच्या नव्हे, रात्रीच्या वेळेत. म्हणून घर पाहावयास जाणाऱ्या वृद्ध दांपत्याने दलालाला पहिला प्रश्न खोल्यांच्या संख्येविषयी न विचारता शेवटच्या फेरीबोटीविषयी विचारावा. ती किती वाजता सुटते, त्यानंतर रुग्णाला नेण्याची काय सोय आहे, नदीला पूर आला किंवा बोट नादुरुस्त झाली तर काय होते, हे दलालाकडून नव्हे, धक्क्यावरच्या कर्मचाऱ्यांकडून आणि गावकऱ्यांकडून समजून घ्यावे.

ही घाई कशासाठी, हे थोडे सविस्तर सांगतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देण्यापूर्वी मेंदूचा सी.टी. स्कॅन अनिवार्य असतो, कारण पक्षाघात रक्तस्रावामुळे झाला असेल तर तेच औषध घातक ठरते. म्हणजे साडेचार तासांत केवळ रुग्णालयाच्या दारात पोहोचून भागत नाही. तपासणी पूर्ण होऊन औषध शरीरात जावयास हवे. हृदयविकाराच्या झटक्यात तर प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. लक्षण ओळखण्यात गेलेला वेळ, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ, बोटीची वाट, नदी, आणि पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा रस्ता, अशी बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी. ज्यांना पूर्वी झटका आला आहे किंवा ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांनी ती आपल्या हृदयरोगतज्ज्ञांसमोर ठेवावी आणि मगच विसार द्यावा.

डायलिसिसवरील रुग्णाचे गणित आणखी स्पष्ट आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस म्हणजे वर्षाला १५६ खेपा, आणि जाऊन-येऊन ३१२ वेळा नदी ओलांडणे. अशा रुग्णाने बेटावर घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट रक्तदाब, आटोक्यातील मधुमेह, सांधेदुखी एवढ्याच तक्रारी असतील, तर बेट वर्ज्य मानण्याचे कारण नाही.

घराविषयी दोन शब्द. कागदपत्रे पाहणे हे वकिलाचे काम. गोव्याच्या कायद्यात सर्व वारसांच्या आणि त्यांच्या पती-पत्नींच्या संमतीचा प्रश्न येतो, एवढे ध्यानात ठेवून त्यात जाणकार असलेला स्थानिक वकील गाठावा. मी पाहीन ते जिने आणि न्हाणीघर. जुनी गोमंतकीय घरे उंच जोत्यावर असतात. पुढच्या दारी पायऱ्या, आणि अनेकदा न्हाणीघर मागच्या बाजूस वेगळे. पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरते आणि सत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचे हाड तेथेच मोडते. कठडे बसवता येतील का, झोपण्याच्या खोलीला लागून शौचालय बांधता येईल का, स्ट्रेचर दारातून वळते का, हे पाहावे. शेताच्या बांधावरून फिरावयाची सवय असेल तर पावसाळ्यात बूट आणि रात्री विजेरी हवीच. साप आणि लेप्टोस्पायरोसिस या दोन्हींचा तो हंगाम. वीज वारंवार जात असेल तर इन्सुलिन व ऑक्सिजन-यंत्र यांची पर्यायी व्यवस्था आधी करावी.

आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या लोकांच्या लक्षात येत नाही. गोवा शासनाची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना राज्यात किमान पाच वर्षे वास्तव्य असलेल्यांसाठी आहे. नव्याने आलेल्या कुटुंबाने तिच्यावर विसंबू नये. आपला जुना आरोग्यविमा चालू ठेवावा आणि पणजीच्या परिसरातील कोणती रुग्णालये तो स्वीकारतात, याची खात्री करून घ्यावी.

इतके सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो, तो माणसांचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील हिर्टा बेटावर अनेक शतके वस्ती होती. २९ ऑगस्ट १९३० रोजी तेथील शेवटचे ३६ रहिवासी कायमचे बाहेर पडले, तेही स्वतःच सरकारकडे अर्ज करून. बेटावर परिचारिका होती, घरे होती, चर्च होते. पण तरुण एकेक करून निघून गेले होते, आणखी काही जाणार होते, आणि मागे उरणाऱ्यांना कष्टाची कामे निभावता येणार नाहीत, असे त्या अर्जात म्हटले होते. दिवाडी काही हिर्टा नव्हे. समोर शहर आहे, दिवसभर बोट आहे. पण येथेही कामासाठी परदेशी गेलेल्यांची कुलूपबंद घरे आहेत. जे घर घ्यावयाचे, त्याच्या आजूबाजूच्या चार घरांत रात्री दिवा लागतो का, हे संध्याकाळनंतर जाऊन पाहावे. आजारी माणसाला जोत्याच्या पायऱ्यांवरून उतरवण्यास धडधाकट खांदे लागतात, आणि ते कोणत्याही खरेदीखतात लिहून मिळत नाहीत. गावात मिसळण्यास वेळ लागतो. कोकणी बोलता आली नाही तरी समजावयास हवी, गावच्या फेस्ताला आणि जत्रेला उपस्थिती हवी. केवळ सुट्टीपुरते येणाऱ्याला गाव पाहुणाच समजतो, आणि त्यात गावाचे काही चुकते असे मला वाटत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की विकत घेण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा भाड्याच्या घरात काढावा. जून ते सप्टेंबर. डिसेंबरातील पंधरा दिवस नव्हेत. त्या काळात दोघांनीही एकेकट्याने बोटीने पलीकडे जाऊन औषधे आणून पाहावीत. बहुतेक घरांत गाडी एकच जण चालवतो, बँकेचे व्यवहारही तोच पाहतो, आणि नेमका तोच आधी आजारी पडला तर दुसऱ्याची अवस्था काय होईल, यावर नवरा-बायकोत मोकळे बोलणे झालेले नसते. मुलांनी हा विषय काढला की आई-वडिलांना राग येतो. तरीही तो काढावा, आणि घर पाहण्याआधी काढावा.

राहावयास गेल्यावर एक कागद लिहून फ्रिजच्या दारावर लावावा. त्यावर १०८, घर सापडण्याची खूण, दोन शेजाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक, रोजची औषधे, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ती, आणि बोटीच्या वेळा असाव्यात. त्याची एक प्रत शेजाऱ्यांकडे आणि एक मुलांकडे असू द्यावी. बोटीच्या वेळा बदलल्या की तिन्ही प्रती त्याच दिवशी बदलाव्यात.