रस्त्याचा उतार कुठे टेकतो?

रस्ता रुंद होणार ही बातमी पेठेत येते, तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रस्ता किती मीटरचा? कोणीतरी आकडा सांगतो. दुकानदार पायरीपासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजतो आणि निःश्वास सोडतो किंवा काळजीत पडतो. भर पेठेत ही मोजणी पुरेशी असते. गावाबाहेर, जिथे गोदाम, पेट्रोलपंप किंवा वडिलोपार्जित शेत रस्त्याला लागून आहे, तिथे ती फसवी ठरते. तिथे डांबरी पट्टी किती रुंद आहे यापेक्षा, तिच्या कडेपासून सुटणारा मातीचा उतार कुठे जाऊन टेकतो यावर जागा जाते की राहते हे ठरते.

समजा, रस्ता वरून १२ मीटर रुंद आहे आणि शेजारच्या जमिनीपेक्षा ४ मीटर उंच आहे. मातीच्या भरावाचा उतार सामान्यतः १ ला २ धरतात. म्हणजे १ मीटर खाली उतरण्यासाठी २ मीटर बाहेर जावे लागते. ४ मीटर उंचीला दोन्ही अंगांना ८-८ मीटर लागले. वरचा १२ मीटरचा रस्ता पायथ्याशी २८ मीटरचा झाला. माती कच्ची निघाली आणि उतार १ ला ३ करावा लागला, तर तोच रस्ता पायथ्याशी ३६ मीटर जागा घेतो. गटार त्याच्याही पलीकडे.

पूर्वी ही टेकण्याची रेघ ओव्हरसियर चौकटीच्या कागदावर हाताने काढत. ठरावीक अंतरावर रस्त्याचा एक आडवा छेद, त्यावर जमिनीची वाकडी रेषा, तिच्यावर रस्त्याची सरळ रेषा आणि दोन्ही बाजूंना उतार. आज हे काम सिव्हिल थ्रीडी किंवा ओपनरोड्स यांसारख्या संगणकप्रणालींवर होते. कराड आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली अनेक मुलेमुली आज हेच काम करीत आहेत, आणि घरी विचारले तर ‘रोड डिझाइन’ एवढेच सांगून गप्प बसतात. ते नेमके काय करतात, हे व्यापारी घराने समजून घेण्यासारखे आहे.

मोजणीदार जमिनीवरचे हजारो बिंदू घेतो. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: पूर्व, उत्तर आणि उंची. प्रणाली हे बिंदू त्रिकोणांनी जोडते. कोणते तीन बिंदू एकत्र घ्यायचे याचा नियम रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ साली मांडला होता. रस्त्याच्या कामात तो उपयोगी पडेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. त्रिकोणांच्या या चादरीवरून रस्त्याची मध्यरेषा जाते. मग दर १० किंवा २० मीटरला प्रणाली साइडपट्टीच्या कडेला उभी राहते आणि एकच प्रश्न विचारते: जमीन वर आहे की खाली? खाली असेल तर भरावाचा उतार सोडते. वर असेल तर आधी गटार काढते आणि मग डोंगर कापणारा उतार चढवते. दोन्ही वेळा उतार जमिनीच्या चादरीला भिडेपर्यंत पुढे जातो. त्या भेटीच्या बिंदूला या धंद्यात ‘डेलाइट’ म्हणतात. कापलेला उतार जिथे उजेडात येतो ती जागा. असे सगळे बिंदू जोडले की भूसंपादनाच्या नकाशावरील हद्दीचा मूळ आधार तयार होतो.

त्यानंतर हिशेब सुरू होतो आणि तो कोणत्याही मुनिमाला ओळखीचा वाटेल. कापलेली माती जमा, भरलेली माती खर्च. लगतच्या दोन छेदांत कापाचे क्षेत्रफळ ४० आणि ६० चौरस मीटर असेल आणि त्यांच्यात २० मीटर अंतर असेल, तर सरासरी ५० गुणिले २० म्हणजे १,००० घनमीटर माती जमेला पडली. रस्त्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ही शिल्लक ओढत नेली की माती कुठून कुठे वाहायची हे रोजमेळासारखे दिसते. या खात्यात एक खोच आहे. खणलेला मुरूम ट्रकमध्ये फुगतो, पण भरावात दाबला की मूळच्यापेक्षाही कमी भरतो. फोडलेला खडक मात्र दाबल्यावरही मूळच्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. हा फरक न धरणाऱ्या ठेकेदाराचे खाते कागदावर जुळते आणि कामावर तुटते.

डोंगर कापण्याचा हा हिशेब या समाजाला नवा नाही. सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद जहाज आणि विमानांच्या कारखानदारीसाठी ओळखले जातात; पण त्यांची सुरुवात लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या ठेकेदारीने झाली, आणि भोर घाटातील बोगद्यांचे काम त्यांच्या कंपनीने केले. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंदांच्याच नावाने चालू राहिले.

आता खरा पेच. प्रणालीला उतार किती द्यायचा हे माणूस सांगतो. ती फक्त तो उतार जमिनीला भिडवते. भिडवलेली जमीन जागेवर राहील की नाही, हे तिला कळत नाही.

साताऱ्याच्या पश्चिमेचा सह्याद्री काळ्या पाषाणाच्या एकावर एक थरांचा आहे. मध्ये मध्ये तांबड्या मातीचे पातळ थर आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा. जांभ्यातून पाणी झिरपते आणि खालच्या चिकण थरावर अडते. कठीण पाषाण जवळजवळ उभा कापला तरी उभा राहतो. त्याच्यावरची माती तशी राहत नाही. म्हणून जाणता अभियंता विंधन घेऊन खडकाचा पृष्ठभाग प्रणालीत वेगळा देतो: खडकापर्यंत तीव्र उतार, वर सौम्य, मध्ये पायरी आणि माथ्याकडून येणारे पाणी अडवायला चर. घाईचा अभियंता सगळ्या किलोमीटरला एकच उतार देऊन मोकळा होतो. पडद्यावर दोन्ही रस्ते सारखेच सुंदर दिसतात.

घाई नेहमी आळसाचीच असते असेही नाही. १० मीटर उंच काप उभा न घेता १ ला १ घेतला, तर प्रत्येक मीटर लांबीला ५० घनमीटर जास्त खणावे लागते. १०० मीटरला ५,००० घनमीटर, म्हणजे फुगवट धरली नाही तरी १० घनमीटरच्या डंपरच्या ५०० खेपा. उभ्या कापाचा मोह कुठून येतो, ते इथे समजते.

घाटातील वळणे हा आणखी एक सापळा. नागमोडी वळणाच्या आतल्या बाजूस लगतचे आडछेद एकमेकांना छेदतात. तिथे उताराच्या रेघा एकमेकींवर चढतात आणि तीच माती दोनदा मोजली जाते. वरच्या वळणाचा रस्ता खालच्या वळणाच्या कापावर उभा आहे, हेही सुटा छेद पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मोजणी ड्रोनने केली असेल आणि झाडी नीट वगळली नसेल, तर उतार जमिनीला न भिडता झाडांच्या शेंड्यांना भिडतो. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्याच नकाशावर निविदा निघाली तर हसू येत नाही.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घरांवर आले आणि माणसे गेली. ते रस्त्याचे काप नव्हते. डोंगर आपणहून सुटले. न कापलेला उतारही ज्या पावसात टिकत नाही, त्या मुलखात कापलेल्या उताराची रेघ किती सावधपणे ओढायला हवी, हे तेवढ्यावरून कळते.

सांगलीकडे प्रश्न उलटा आहे. तिथे डोंगर कापायचा नसतो, भराव घालायचा असतो. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भरावाच्या वरच्या थरांना म्हणून मुरूम आणावा लागतो. ६ मीटर आणि त्याहून उंच भरावाला १ ला २ हा ठोकताळा पुरत नाही, त्याच्या स्थैर्याची स्वतंत्र गणना करावी लागते. त्यात कृष्णा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर चढताना भरावाला जितका धोका असतो, त्याहून अधिक तो झपाट्याने उतरताना असतो, कारण बाहेरचे पाणी गेलेले असते आणि आत मुरलेले पाणी उताराला बाहेर ढकलत असते. शिवाय लांबलचक उंच भराव पुराची वाट अडवतो. भरावाऐवजी खांबांवरचा पूल करावा, ही नदीकाठची मागणी त्यातूनच आली आहे. पूल महाग पडतो. पण त्याला उतार नसतो, म्हणून त्याच्या पायथ्याशी जागाही कमी जाते.

भिंतीचेही तसेच. उतार हद्दीबाहेर जाऊ लागला तर तिथे संरक्षक भिंत घे, असा नियम प्रणालीत घालता येतो. भिंतीचा खर्च वाढतो, जमीन वाचते. कोणाची जमीन किती मोलाची, हे मात्र प्रणालीत कोणी घातलेले नसते. ते सांगण्याची वेळ जमीनमालकाची असते आणि ती थोडी असते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ च्या कलम ३अ खाली अधिसूचना निघाली की हितसंबंधिताला २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि सुनावणीत स्वतः किंवा वकिलामार्फत बोलता येते. ‘आमचे नुकसान होईल’ एवढ्याच वाक्याची हरकत दुबळी असते. आपल्या गटासमोरचा साखळी क्रमांक कोणता, तिथे रस्त्याची उंची किती, उतार किती धरला, तो कुठे टेकतो, तिथे भिंत का घेतली नाही, हे प्रश्न लिहिलेली हरकत अधिकाऱ्याला अभियंत्याकडे पाठवावी लागते. त्यासाठी त्या साखळी क्रमांकाचा आडछेद लागतो. तो एका पानाचा कागद असतो, आणि घरात रोड डिझाइन करणारी मुलगी असेल तर तो तिला दोन मिनिटांत वाचता येतो.