शेवट असलेला खेळ

'प्रोजेक्ट आयजीआय' हा २००० सालचा बंदुकीचा खेळ नाशिकच्या सायबर कॅफेत रमलेल्या अनेकांना आजही आठवतो. मोहिमा चौदाच. मोहिमेच्या मध्येच खेळ 'सेव्ह' करायची सोय नव्हती. शेवटाशी गोळी लागली की पुन्हा पहिल्यापासून! त्यामुळे पहारेकरी, कॅमेरे डोक्यात ठेवावे लागत. चोरीच्या अण्वस्त्राची गोष्ट पुढे ओढत नेई आणि संपे. चूक, पुन्हा प्रयत्न, मग यश, खरी मजा यातच. आजच्या बऱ्याच मोबाइल खेळांना शेवटच नाही. बंदूक दिसताच चिडणाऱ्या पालकांनी आधी हा फरक पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११'मध्ये गेमिंग विकार ठरवताना तास मोजत नाहीत. ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान होऊनही न थांबणे, तेही साधारण वर्षभर, हे पाहतात.