नोटीस बजावली, पण कळली काय?

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बहुधा तळाच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात 'जाहीर नोटीस' या मथळ्याखाली काही मजकूर रोज छापून येतो. अमुक गावच्या अमुक गटातील इतके हेक्टर इतके आर क्षेत्र अमुक इसमाने विकण्याचे ठरविले आहे. त्यावर कोणाचा वारसाहक्क, गहाण, दान, पोटगी वा अन्य बोजा असल्यास त्याने चौदा दिवसांच्या आत कागदपत्रांनिशी हरकत घ्यावी. न घेतल्यास असा कोणाचाही हक्क नाही, असलाच तर तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल, अशी तिची ठरीव भाषा असते. हा मजकूर ज्याच्यासाठी छापला जातो तो इसम तो क्वचितच वाचतो. वकिलाच्या अशा नोटिशीने कोणाचा कायदेशीर हक्क आपोआप बुडत नाही, हे खरे. परंतु मुदत उलटते, खरेदीखत नोंदले जाते, आणि हक्कदाराच्या हाती पुढे वर्षानुवर्षे चालणारा दावा तेवढा उरतो.

नोटीस बजावली जाणे आणि नोटीस कळणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असू शकते, आणि त्या अंतराची किंमत किती मोजावी लागते, याचा इतिहास ज्या तालुक्यांत घडला त्यांत पारनेरचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

न्हाव्याने वस्तरा ठेवला

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने पारनेर गावाची ओळख मोठ्या कडवट शब्दांत करून दिली आहे. येथे सावकारांची संख्या मोठी असून त्यांपैकी अनेकांची लोभीपणा व लबाडी यांबद्दल दुष्कीर्ती आहे, असा त्या नोंदीचा आशय. 1874 व 1875 साली हे सावकार आणि त्यांचे ऋणको यांच्यात तंटे विकोपाला गेले. गावकऱ्यांनी सावकारांना वाळीत टाकले. त्यांच्याकडे कोणी कामास जाईना, त्यांचे पाणी कोणी भरीना, त्यांना जिन्नस कोणी पुरवीना, न्हावी त्यांची हजामत करीना. पोलिसांच्या दक्षतेमुळे प्रत्यक्ष दंगा मात्र पारनेरात टळला.

इतरत्र तो टळला नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील तत्कालीन भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे बाजारच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. (पारनेर तालुक्यातही सुपे नावाचे गाव आहे, ते हे नव्हे.) तेथून हे लोण पुणे जिल्ह्यात आणि तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. एकंदर 951 माणसे पकडली गेली आणि 501 जणांना शिक्षा झाल्या. या दंग्यांत माणसांच्या जिवावर फारसे कोणी उठले नाही, हे सरकारी चौकशीतही नमूद झाले. जमावाचा रोख होता तो कागदावर. रोखे, खतपत्रे आणि हुकूमनामे मागून घ्यायचे व त्यांची होळी करायची, एवढेच बहुतेक ठिकाणी घडले. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या कुणब्याला आपला शत्रू नेमका कोणत्या अक्षरांत दडला आहे, हे पुरते कळले होते.

हुकूमनाम्याचे राज्य

सावकार पेशवाईतही होता. मग 1875 सालीच असे काय घडले? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला आलेली तेजी ओसरली होती. तेजीत सढळ हाताने दिलेले कर्ज सावकार मागू लागला होता. जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढली होती. ही कारणे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात आणि ती खरी आहेत. परंतु त्यांच्या तळाशी आणखी एक कारण होते, ते म्हणजे दिवाणी न्यायालयाची नवी यंत्रणा. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मताची थोडीबहुत भीड बाळगावी लागे. आता त्याला गावाची गरज उरली नाही. मुदतीच्या आत दावा, समन्स, हुकूमनामा आणि जप्ती एवढ्या चार पायऱ्या चढल्या की रयतेची जमीन त्याच्या नावे होत असे.

यांतली दुसरी पायरी सर्वांत निसरडी होती. समन्स पारनेरच्या एखाद्या वाडीत पोहोचले की नाही, पोहोचले तर ते कोणी वाचून दाखविले, आणि वाचून दाखविले तरी त्यातील मोडी अक्षरांचा व कचेरीच्या भाषेचा अर्थ कोणाला उमगला, याची पर्वा न्यायालयाला नव्हती. बजावणीचा शेरा असला म्हणजे पुरे. प्रतिवादी हजर झाला नाही तर दावा एकतर्फी निकालात निघे, आणि हजर न होणे हाच सर्रास प्रकार होता. ज्याने कर्ज घेतले हे खरे, त्याने कोर्टात जाऊन सांगावयाचे तरी काय, अशीही एक भाबडी समजूत त्यामागे होती. घेतलेले किती, फेडलेले किती आणि लिहिलेले किती, हा प्रश्न कोर्टात विचारता येतो, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

रयतेच्या संरक्षणासाठी केलेला कायदाही उलटला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये हा हेतू. सावकाराने त्यातून वेगळीच रीत काढली. दर तीन वर्षांनी जुना रोखा रद्द करून, मुद्दल व व्याज एकत्र करून, त्या सगळ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यावयाचा. शेतकरी अंगठा उठवी, आणि कालचे व्याज आजचे मुद्दल होई. पारनेरशेजारच्या शिरूर तालुक्यातील कर्डे गावी 1874 च्या डिसेंबरात बहिष्काराची ठिणगी पडली, तीही काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध मिळविलेल्या हुकूमनाम्यातूनच. हुकूमनाम्याच्या जोरावर देशमुखांचे राहते घर पाडू पाहणारा सावकार गावाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, तेव्हा कागदाची ताकद प्रत्येकाला दिसली.

कागदामागे पाहणारा कायदा

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्याच्या अहवालानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्याचे मोठेपण व्याजाच्या दरात शोधण्याऐवजी पुराव्याकडे पाहण्याच्या त्याच्या दृष्टीत शोधले पाहिजे. न्यायालयाने रोख्यावरील आकडा प्रमाण मानू नये. व्यवहार सुरू झाला तेथपर्यंत मागे जाऊन मुद्दल वेगळे, व्याज वेगळे असा हिशेब काढावा, असे त्याने सांगितले. प्रतिवादीची जबानी शक्यतो घेतली जावी, शेतकऱ्याचा रोखा ग्राम निबंधकासमोर लिहिला जावा, सावकाराने पावती, वार्षिक हिशेब व पासबुक द्यावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन पैशाच्या हुकूमनाम्यापायी विकली जाऊ नये, अशा तरतुदी त्यात होत्या. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या खास न्यायाधीशाच्या कामात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आपली अनेक वर्षे वेचली.

कायदा परिपूर्ण नव्हता. जमीन गहाणाशिवाय विकता येत नाही असे दिसताच सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागला. पैसे फेडल्यावर जमीन परत देईन, हे वचन तोंडी राही आणि कागद पक्क्या विक्रीचा होई. तेव्हा कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखताआड खरोखर गहाण आहे काय हे तोंडी पुराव्यानेही तपासण्याची मुभा न्यायालयाला द्यावी लागली. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने सावकारी व्यवहारापोटी बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला आहे, तो याच विचाराचा वारसा होय. कागदावर काय लिहिले यापेक्षा प्रत्यक्षात काय घडले हे विचारण्याचे धैर्य कायद्याला प्रथम शिकविले ते 1875 च्या पुणे-नगरच्या रयतेने.

आजची चावडी

आता सावकाराची जागा पुष्कळ अंशी बँकेने व सोसायटीने घेतली आहे. जमिनीचा तंटा ऋणको आणि धनको यांच्यापेक्षा भाऊ-बहीण आणि चुलते-पुतणे यांच्यात अधिक आढळतो. परंतु नोटिशीचा प्रश्न होता तेथेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे फेरफाराची नोंद होताच तलाठ्याने (ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) तिची प्रत चावडीत लावावी आणि हितसंबंधित सर्वांना लेखी कळवावे, असे बंधन आहे. हरकत आली तर ती तक्रारीच्या नोंदवहीत जाते व तिची चौकशी होते. हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होते, आणि तेथून पुढे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. पण कर्ज, खरेदी, भूसंपादनाचा मोबदला, पीकविमा हे सारे त्याच सातबाऱ्यावर चालते, हे प्रत्येक खातेदार जाणतो.

पारनेर हा अवर्षणाचा तालुका. येथील घराघरांतून माणसे पोटासाठी मुंबईला गेली आणि तेथेच स्थिरावली. गावातील जमिनीवर त्यांचे नाव आहे, त्यांचा पत्ता मात्र गावात नाही. चावडीच्या फळ्यावरचा कागद त्यांना दिसणार कसा? शासनाने 'आपली चावडी' या नावाने हा फळा संगणकाच्या पडद्यावर आणला, हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु पडद्यावरचा फळाही ज्याला तो पाहावयाचा आहे हे आधीच ठाऊक आहे त्यालाच दिसतो. 1875 सालच्या कुणब्याला समन्सचा अर्थ कळत नव्हता. आजच्या खातेदाराला समन्स निघाले आहे हेच कळत नाही. परिणाम एकच.

बहिणीचा पत्ता

या व्यवस्थेची सर्वांत मोठी झळ लागते ती सासरी गेलेल्या मुलीला. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने तर या दिशेने 1994 सालीच पाऊल टाकले होते. 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. कायद्याचे दार याहून अधिक उघडता येणार नाही. तरीही वारसनोंदीच्या अर्जात बहिणीचे नाव गाळले जाते. नाव घातलेच तर पत्ता माहेरचाच दिला जातो, आणि तिच्या नावची नोटीस भावाच्याच हाती पडते. पुढे कधीतरी दिवाळीच्या माहेरपणात 'नुसती सही हवी आहे' म्हणून हक्कसोडपत्र पुढे केले जाते. स्वखुशीने हक्क सोडण्यास कोणाची हरकत नाही. पण काय सोडले हे ठाऊक नसताना केलेली सही आणि दीडशे वर्षांपूर्वीचा तो अंगठा यांत फरक कोणता?

यावर महसूल खात्याचा युक्तिवाद असा असतो की, प्रत्येक हक्कदाराचा शोध घेत बसल्यास एकही फेरफार प्रमाणित होणार नाही. व्यवहाराला कोठेतरी पूर्णविराम हवा. युक्तिवाद अगदीच निराधार नाही. मुदत हवीच. परंतु मुदत मोजण्यास प्रारंभ कोठून करावा, हा खरा प्रश्न आहे. कागद फळ्यावर लागला त्या दिवसापासून, की तो माणसापर्यंत पोहोचला त्या दिवसापासून?

सुधारणा अवघड नाहीत. वारसनोंदीच्या अर्जात प्रत्येक मुलीचा सध्याच्या वास्तव्याचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक सक्तीचा करावा आणि तिची नोटीस थेट तिलाच पाठवावी. बाहेरगावी राहणाऱ्या खातेदाराला आपला पत्ता अभिलेखात नोंदविण्याची सोय व सवय लावावी. ग्रामसभेत प्रलंबित फेरफारांचे वाचन व्हावे आणि तसा उल्लेख कार्यवृत्तात असावा. जुन्या काळी लिलावाची दवंडी पिटली जाई, त्यात निदान कानाने ऐकणाऱ्याचा विचार होता. हक्कसोडपत्र नोंदविण्यापूर्वी दुय्यम निबंधकाने त्या स्त्रीला एकटीला विचारून, किती क्षेत्र सोडत आहात हे समजावून सांगावे व तसा शेरा मारावा. आणि नोटिशीची भाषा साधी असावी. 'येणेप्रमाणे', 'सदरहू', 'उपरिनिर्दिष्ट' यांच्या जंगलातून वाट काढण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकणारी नोटीस अर्धीच बजावलेली असते.

गावोगावी या कामात शिक्षक, कारकून व महाविद्यालयीन विद्यार्थी यांचा मोठा उपयोग होण्यासारखा आहे. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचता येणे हा आजच्या साक्षरतेचा भाग मानला पाहिजे. शाळेत दहा वर्षे शिकलेल्या मुलाला आपल्या आईचे नाव आजोबांच्या उताऱ्यावर आहे की नाही हे पाहता येत नसेल, तर त्या शिक्षणात मोठी उणीव राहिली असे म्हणावे लागेल.

1875 साली पारनेरच्या लोकांनी दगड उचलला नाही, पाणी भरणे थांबविले. त्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या असंतोषाने सरकारला कागदाच्या पलीकडे पाहावयास लावले. आजच्या हक्कदाराजवळ मतपत्रिका आहे, ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे. एवढे असूनही ज्याची जमीन त्याला कळण्याआधी तिची नोंद बदलत असेल, तर दीडशे वर्षांत बदलला तो केवळ कागद, असेच म्हणणे प्राप्त आहे.