बुटांचा धंदा आणि अनवाणी पाय

जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची कुंडम ही तहसील आदिवासींची आहे. गोंड समाजाची वस्ती, सागवानाचे जंगल, पावसावरची शेती आणि उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता ही इथल्या कष्टकऱ्यांच्या जगण्याची साधने. अशाच तेंदूपत्ता वेचणाऱ्यांसाठी मध्य प्रदेश सरकारने २०१७ साली ‘चरणपादुका योजना’ काढली. पुरुषांना बूट, बायकांना चपला आणि सोबत पाण्याची बाटली असे दान गाजावाजा करून वाटण्यात आले. २०१८ साली याच बुटांच्या आतल्या तळव्यात आरोग्याला घातक असा आझो रंग आढळल्याच्या बातम्या आल्या, राज्यभर वाद उठला आणि निवडणुकीच्या तोंडावर सरकारने सारे आरोप फेटाळून लावले.

रंगाचा प्रश्न गंभीर होताच. परंतु त्याहून मोठा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. पादत्राणांच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल जगात दुसरा असलेल्या या देशात जंगलात राबणाऱ्या माणसाला पायातला जोडा सरकारच्या मेहेरबानीने का मिळावा? या प्रश्नाचे उत्तर कुंडमच्या जंगलात सापडणार नाही. ते बूट तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या भांडवलाच्या इतिहासात शोधावे लागेल.

मराठी वाचकाला या इतिहासातील सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईची करोना साहू कंपनी. आजच्या तरुणाला ‘करोना’ म्हटले की महामारी आठवते. परंतु त्याच्या आईबापांच्या पिढीला त्या नावाने शाळेतले कॅनव्हासचे बूट आठवतात. १९५३ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना जोगेश्वरीला होता. त्या काळी भारतीय बाजारावर बाटा या परदेशी भांडवलाच्या कंपनीची पकड होती. तिच्यासमोर उभी राहिलेली एतद्देशीय कंपनी म्हणून करोनाचे नाव झाले. आयातीवर निर्बंध होते, शाळा वाढत होत्या, कवायतीला आणि खेळाच्या तासाला पांढरे बूट लागत होते. स्वातंत्र्योत्तर नियोजनाने संरक्षित केलेल्या या बाजारपेठेत कंपनी वाढली आणि तिची दुकाने शहरोशहरी दिसू लागली.

ही वाढ मालकांच्या कर्तबगारीने झाली असे सांगण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती अशी की संरक्षण दिले ते सार्वजनिक धोरणाने, गिऱ्हाईक दिले ते सार्वजनिक शिक्षणाच्या प्रसाराने आणि बूट घडवले ते कामगारांच्या हातांनी. नफा मात्र खासगी राहिला. संरक्षणाच्या मोबदल्यात नफ्याचा किती हिस्सा नव्या यंत्रांत व नव्या तंत्रात गुंतवावा, याचे बंधन राज्यसंस्थेने भांडवलदारांवर कधीच घातले नाही. पुढच्या पडझडीचे एक मूळ येथे आहे.

दुसरे मूळ उत्पादनाच्या पद्धतीत आहे. आग्र्याच्या कारागिराकडून माल घ्यायचा, त्यावर स्वतःचा शिक्का मारायचा आणि झगझगीत दुकानात चढ्या भावाने विकायचा, ही बड्या पादत्राण कंपन्यांची जुनी रीत. छोट्या उत्पादकाला करात सवलत होती. तिचा फायदा या मार्गाने बड्यांच्या पदरात पडे. शिवाय कारागिराला ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा, ना संघटना. ज्या धंद्यात कारखाना न चालवताही नफा मिळतो, त्या धंद्यात कारखाना मालकाला ओझे वाटू लागतो. उद्योगांच्या आजारपणाचे खापर कामगारांच्या पगारावर आणि संघटनांवर फोडणारे अर्थपंडित ही गोष्ट नेमकी दडवून ठेवतात.

१९९१ नंतर दरवाजे उघडले गेले. त्याआधीच, १९८९ साली, आदिदासने बाटाशी करार करून येथे पाय टाकला होता; पुमाने करोनाशी हातमिळवणी केली. १९९५ मध्ये रिबॉक आणि नायके आले. देशी भांडवलदार परदेशी भांडवलाशी झुंज देईल, ही अपेक्षा फोल ठरली. त्याने परक्या शिक्क्याचा मुनीम होणे पत्करले. करोना कंपनी मात्र त्यानेही तरली नाही. आजारी उद्योगांच्या कायद्याखाली तिची गणना आजारी कंपनीत झाली आणि तिची मालमत्ता देण्यांपेक्षा कमी भरली.

या कंपनीचे नाव शेवटी गाजले ते बुटांमुळे नव्हे, भाडेकरूच्या दाव्यामुळे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्यांचे भाडेकरू म्हणून संरक्षण काढून घेतले. आपले भांडवल तोट्यात धुऊन गेले आहे, तेव्हा आपल्याला मोठी कंपनी समजू नये, असा करोनाचा युक्तिवाद होता. ऑक्टोबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. तोट्याने कंपनीची पत गेली तरी कागदावरचे भरणा झालेले भागभांडवल तेवढेच राहते, असा निर्वाळा त्याने दिला. कायद्याच्या दृष्टीने भांडवल मरत नाही. तसा अमरपणा कामगाराच्या नोकरीला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेची कॉन्व्हर्स कंपनी १९०८ सालची. बास्केटबॉलचे कॅनव्हासचे बूट म्हणजे कॉन्व्हर्स, असे अनेक दशके समीकरण होते. जानेवारी २००१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, अमेरिकेतले कारखाने बंद केले आणि उत्पादन आशियात नेले. २००३ साली नायकेने सुमारे ३० कोटी डॉलरना ती विकत घेतली आणि तेच बूट, त्याच ताऱ्याच्या चिन्हासह, पुन्हा जगभर खपू लागले. इंग्लंडमध्ये जन्मलेली आणि १९८० च्या दशकात अमेरिकी बाजारात नायकेलाही मागे टाकणारी रिबॉक आदिदासने २००६ साली ३८० कोटी डॉलरना घेतली. पुढे ती ज्या अमेरिकी कंपनीच्या हाती गेली, तिचा धंदा बूट घडवण्याचा नाही. प्रसिद्ध नावे विकत घेऊन ती वापरण्याचा परवाना देण्याचा आहे. दरम्यान २०१२ मध्ये रिबॉकच्या भारतीय शाखेने आपल्याच माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ८७० कोटी रुपयांच्या अपहाराची फिर्याद केली. तेव्हा कोणत्याही अर्थपंडिताला कामगार संघटना जबाबदार धरता आली नाही.

कंपनी बुडते म्हणजे काय, याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. नाव बुडत नाही. ते एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत जाते. बुडतो तो कारखाना आणि कामगाराची वस्ती. दक्षिण कोरियातील पुसानमध्ये मजुरी वाढली, कामगार संघटित झाले, की काम इंडोनेशियात आणि चीनमध्ये गेले; तेथून व्हिएतनाममध्ये आणि तामिळनाडूतील चेय्यारमध्ये आले. चेय्यारच्या कारखान्यात प्रामुख्याने खेड्यांतल्या तरुण मुली परदेशी नावाचे बूट जोडतात. रोजगार आला हे खरेच. पण तो मजुरी कमी आहे म्हणून आला, आणि याच कारणाने उद्या तो आणखी कुठे जाईल.

आता हिशेब कुंडमचा. तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात ५० पाने. अशा १,००० पुड्यांचा एक मानक बोरा. २०२४ मध्ये मध्य प्रदेशाने बोऱ्याचा दर ४,००० रुपये केला, म्हणजे एका पानाला ८ पैसे. दुकानात ८,००० रुपयांना मिळणारा धावण्याचा एक जोड घ्यायचा तर १ लाख पाने वेचावी लागतील. इतक्या अंतरावर असलेला माणूस या बाजारपेठेच्या खिजगणतीत नाही, म्हणूनच त्याच्या वाट्याला निविदा काढून खरेदी केलेले दान येते. दान घेणाऱ्याने मालाचा दर्जा विचारायचा नसतो, ही त्यामागची वृत्ती. त्याला ८ पैशांऐवजी श्रमाचे खरे मोल मिळाले, तर जोडा तो स्वतः पारखून घेईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू होते. ते आता ३०० पासून आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने तारणधारक कर्जदात्यांच्या बरोबरीचे स्थान कामगारांच्या फक्त २४ महिन्यांच्या थकबाकीला दिले. उद्या एखादी करोना कंपनी बंद पडली, तर तिचे दार लावणे मालकाला कालच्यापेक्षा सोपे जाईल.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. १०० कामगारांची मर्यादा पुन्हा लागू झाली पाहिजे. बंद पडलेल्या उद्योगाच्या जमिनीच्या विक्रीतून कामगारांची संपूर्ण देणी सर्वांच्या आधी चुकती झाली पाहिजेत. ज्याचा शिक्का बुटावर, त्याच्यावर तो बूट जोडणाऱ्या प्रत्येक हाताची जबाबदारी कायद्याने आली पाहिजे. मग तो हात कारखान्यातला असो, आग्र्याच्या घरातला असो वा चेय्यारचा. सरकारी खरेदीतील मालाचा तपासणी अहवाल वाटपापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवला पाहिजे आणि तेंदूपत्त्याच्या दरात संग्राहकांच्या प्रतिनिधींना बरोबरीचा आवाज मिळाला पाहिजे.

कारखान्याच्या फाटकापाशी थांबणारी चळवळ या मागण्या मिळवू शकणार नाही, कारण भांडवल फाटकापाशी थांबत नाही. पाने वेचणारा, बूट शिवणारा आणि कारखान्यातून बाहेर फेकला गेलेला, हे तिघे एकाच शोषणव्यवस्थेच्या तीन टोकांवर उभे आहेत. त्यांना एका लढ्यात आणणे हेच आजचे काम आहे.