परीक्षकाची परीक्षा कोण घेणार?

२६ एप्रिल १९९३ ची दुपार या शहरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या अजून लक्षात आहे. त्यावेळच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे आयसी-४९१ हे विमान मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपली तरी ते पुरेसे उचलले गेले नव्हते. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची चाके त्याला धडकली, पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते विजेच्या तारांवर आदळले आणि कोसळले. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण मेले.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हे दुसरे. दुसऱ्या कारणावर या शहरात खूप बोलले गेले. पहिल्या कारणावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. ते वैमानिक विनापरवाना नव्हते. परवाना म्हणजे काय? कोणीतरी शेजारी बसून, तपासून, “हा माणूस लायक आहे” असे लिहून केलेली सही! ती सही करणाऱ्याला तपासायचे कसे, हे कोण शिकवते? आणि त्याला कोण तपासते?

वाचक विचारतील, चळवळीच्या दैनिकात विमानाचा विषय कशाला? आम्ही म्हणतो, तो आता आपलाही विषय आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात धरलेला आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षण सुरू केले. गोंदियाला, बारामतीला प्रशिक्षण संस्था आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे दार थोडे किलकिले झाले आहे. पण २०० तासांचे उड्डाण पुरे करायला अर्धा कोटी आणि त्याहून जास्त खर्च येतो. बापाने शेत विकून, आईने दागिने मोडून पाठवलेला मुलगा एका सहीसाठी अडतो, तेव्हा ती सही कशी दिली जाते आणि कशी नाकारली जाते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

जून २०२५ मध्ये देशातल्या एका मोठ्या विमान कंपनीतल्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाने ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार नोंदवली. तू विमान उडवायच्या लायकीचा नाहीस, जाऊन चपला शिव, असे वरिष्ठांनी बैठकीत सुनावले, असा त्याचा आरोप आहे. पगार कापला, पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला बसवले, असेही त्याचे म्हणणे आहे. कंपनीने हे सारे आरोप फेटाळले. खरे-खोटे न्यायालय ठरवील आणि आम्ही वकील असल्यामुळे त्याआधी निकाल देणार नाही. पण “लायक नाही” या शब्दांकडे आमचे लक्ष गेल्याशिवाय राहिले नाही. हे शब्द आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. पूर्वी ते पाणवठ्यावर आणि शाळेच्या दारात ऐकू येत. आता ते मूल्यमापनाच्या तक्त्यावर उमटू शकतात आणि तिथे त्यांना शास्त्राचा वेष मिळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही कोणासाठी सवलतीची सही मागत नाही. वैमानिकाच्या परीक्षेत सवलत म्हणजे मागे बसलेल्या दीडशे माणसांच्या जिवाशी खेळ. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले. चौकशी झाली तेव्हा वैमानिकाने बनावट गुणपत्रिकेवर परवाना मिळवल्याचे उघड झाले. मग आणखी प्रकरणे निघाली, अटका झाल्या, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, एक अधिकारीही पकडला गेला. त्याच वर्षी राजस्थानात न उडताच उड्डाणाचे तास नोंदवल्याचे गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये एअर इंडियाला ९० लाखांचा दंड झाला, कारण मुंबई-रियाध उड्डाणात पुरेशी तपासणी पूर्ण न झालेला सहवैमानिक प्रशिक्षक नसलेल्या कॅप्टनसोबत बसवला गेला. बनावट गुणपत्रिका आरक्षणातून आल्या नव्हत्या, हे गुणवत्तेच्या ठेकेदारांनी लक्षात ठेवावे. पैसा आणि ओळख जिथे चालते तिथे गुणवत्ता पहिल्यांदा मरते.

म्हणून आमच्या मते ढिला परीक्षक आणि आकसाचा परीक्षक ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. दोघेही समोरच्याचे काम पाहत नाहीत, माणूस पाहतात. पहिला ओळखीच्या माणसाला सोडतो, दुसरा अनोळखी माणसाला अडकवतो.

परीक्षा होते कशी? परवाना देताना उड्डाण चाचणी असते. पुढे विमान कंपनीत वर्षातून दोनदा प्रावीण्य तपासणी होते, ती बहुधा सिम्युलेटरवर. परीक्षक हा बहुतेक वेळा त्याच कंपनीचा ज्येष्ठ वैमानिक असतो आणि डीजीसीएने त्याला अधिकार दिलेले असतात. आता असे समजले जाते, की वीस वर्षे विमान उडवणारा माणूस आपोआप चांगला परीक्षक असतो. आम्ही कोर्टात रोज पाहतो, की उत्तम वकील उत्तम न्यायाधीश होतोच असे नाही. करणे वेगळे, पारखणे वेगळे. पारखायलाही शिकावे लागते.

हे शिक्षण जगाला ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, २०१३ मध्ये पुराव्यावर आधारित प्रशिक्षणाची मार्गदर्शिका काढली. तिच्यात वैमानिकाच्या आठ क्षमता सांगितल्या आहेत. संवाद, हाताने विमान चालवणे, निर्णय घेणे, परिस्थितीचे भान या त्यातल्या काही. परीक्षकाने आधी पाहावे, मग लिहावे, मग ते कोणत्या क्षमतेत बसते ते ठरवावे आणि सर्वांत शेवटी गुण द्यावेत, असा हा क्रम आहे. आपल्याकडे कित्येकदा तो उलटा असतो. आधी मत बनते, मग कारणे शोधली जातात. “आत्मविश्वास कमी वाटतो” ही नोंद नव्हे, ते मत झाले. “पाचशे फुटांवर वेग ठरल्यापेक्षा पंधरा नॉटने जास्त होता, तरी उतरणे सोडले नाही” ही नोंद. तिला उत्तर देता येते, ती पुन्हा तपासता येते.

दुसरी गोष्ट एकवाक्यतेची. एकाच सिम्युलेटर सत्राचे चित्रीकरण दहा परीक्षकांना दाखवायचे, प्रत्येकाने स्वतंत्र गुण द्यायचे, मग ते शेजारी शेजारी ठेवायचे. एकाने पाचपैकी दोन आणि दुसऱ्याने चार दिले असतील तर दोष उमेदवाराचा नाही, मोजपट्टीचा आहे. हा सराव एकदा नव्हे, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा व्हावा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत बनलेले मत शेवटपर्यंत टिकणे, आपल्यासारख्या बोलणाऱ्याला झुकते माप देणे, या चुका माणसाकडून होतातच. त्या होतात हे आधी कबूल करायला शिकवणे, हाच या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

भाषेचेच घ्या. आयकाओच्या इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी चौथी पातळी पुरेशी मानली जाते. त्या पातळीवर उच्चारांवर मातृभाषेची छाप असली तरी चालते, ती समजण्यात कधीमधीच आड येत असली म्हणजे झाले. म्हणजे मराठवाड्यातल्या मुलाचे मराठी वळणाचे इंग्रजी हा आंतरराष्ट्रीय नियमाने दोष नाही! पण मागे एक तरुण आमच्या कार्यालयात आला होता. एका तोंडी चाचणीत तो नापास झाला होता. का, असे विचारल्यावर त्याला “बोलणे नीट नाही” एवढेच सांगितले गेले. कोणता शब्द कळला नाही, कोणते उत्तर चुकले, काही नाही. त्याच्याकडे अपील करायलाही कागद नव्हता. रेडिओ परवान्याची परीक्षा वर्षानुवर्षे दूरसंचार खात्याकडे होती आणि तिच्याबद्दल तक्रारी होत होत्या. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे आणली, हे चांगलेच झाले. पण परीक्षेचे खाते बदलले म्हणून परीक्षक बदलत नाही.

कोणी म्हणेल, न्यायाचा मुद्दा ठीक, पण सुरक्षेचे काय? आमचे उत्तर असे, की दोन्ही एकच आहेत. मंगळूरला २२ मे २०१० रोजी १५८ माणसे मेली. सहवैमानिकाने तीनदा उतरणे सोडायला सांगितले होते, कॅप्टनने ऐकले नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला २१ जण मेले. त्या चौकशीतही कॉकपिटमधल्या वरिष्ठ-कनिष्ठ दरीचा उल्लेख आला. तिथे जातीचा प्रश्न नव्हता. पण श्रेणीबद्ध विषमता माणसाची जीभ कशी बांधते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको. ज्या तरुणाला चाचणीत अपमान करून गप्प बसवले, तो उद्या आकाशात वरिष्ठाला “साहेब, चुकतंय” असे कसे म्हणेल?

आपल्या शहराच्या नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांची कथा आपल्याला माहीत आहे. वाद पंडितांसारखा करणार असाल तर करू, राजासारखा करणार असाल तर नाही, असे नागसेनांनी राजाला बजावले होते. पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो. आमच्या परीक्षकांना एवढेच शिकायचे आहे, की परीक्षा पंडितासारखी घ्यायची असते, राजासारखी नव्हे.

कायदाही हेच सांगतो. क्रायपाक खटल्यात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतला आहे त्याने निवड मंडळावर बसू नये. अजय हसिया खटल्यात (१९८१) तोंडी परीक्षेला अवास्तव गुण ठेवणे मनमानी ठरवले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असे सुचवले. २०११ मध्ये उमेदवाराला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. उलट २०२० च्या हितेश वर्मा निकालाने चार भिंतींआड, लोकांसमोर नसलेला जातीवाचक अपमान ॲट्रॉसिटी कायद्यात बसवणे अवघड केले. सिम्युलेटरच्या बंद खोलीत तीन माणसे असतात. तिथे साक्षीदार कुठून आणायचा? म्हणून केवळ फौजदारी कायद्यावर विसंबून चालणार नाही. कार्यपद्धतीच बदलली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक परीक्षकाला मूल्यमापनाचे प्रशिक्षण सक्तीचे करा आणि ठरावीक मुदतीने त्याची फेरतपासणी करा. शेरा नव्हे, घडलेली घटना लिहिण्याचे बंधन घाला आणि तो कागद उमेदवाराच्या हातात द्या. सिम्युलेटर सत्राची नोंद जपून ठेवा. नापास उमेदवाराची फेरचाचणी दुसऱ्या, बाहेरच्या परीक्षकाकडून घ्या. कोणता परीक्षक किती जणांना नापास करतो याची आकडेवारी डीजीसीएने तपासावी. जो कोणालाच नापास करत नाही, त्याचीही तपासावी.

आणि आपल्या तरुणांना सांगणे असे. घासून अभ्यास करा, एक नॉट इकडे-तिकडे होऊ देऊ नका. नापास झालात तर लाजू नका, पण कारण लेखी मागा. ते पटले तर सुधारा, पटले नाही तर लढा. आम्हाला दयेची सही नको आणि द्वेषाचा शेराही नको. मोजपट्टी सरळ ठेवा, उंची आमची आम्ही गाठू.