काचेचे गोळे आणि सातबारा



"संग्रहाचा छंद म्हणजे परिग्रह" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि माना डोलावणाऱ्या आपणच असतो. उदाहरणही ठरलेले असते, काचेच्या जुन्या पेपरवेटचे. कारण वरव्यात आणि नसरापूरपर्यंत मी त्यासाठीच ओळखली जाते. काकींना काचेचे गोळे जमवायचे वेड आहे, असे म्हणतात. आहेच. माझ्याकडे तेवीस आहेत. जेवणघराच्या भिंतीतल्या एका फडताळात सगळे मावतात, कुलूप नाही.

ज्यांनी हे गोळे नीट पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. आपल्या पेढ्यांवर, धान्याच्या आणि कापडाच्या दुकानांत छताला पंखे आले आणि गादीवरची बिले उडू लागली. मग काचेचा जड गोळा आला. आमच्या दुकानात होता तो हिरवट, आत बुडबुड्यांचे कारंजे असलेला. रोजमेळावर तो आणि खतावणीवर दुसरा. संगणक आल्यावर कागद गेले, कागद गेले तशी वजनेही गेली. भंगारवाल्याला किलोच्या भावाने लोखंडी कपाट दिले तेव्हा त्याच्या खणात तीन गोळे तसेच जात होते. ते मी काढून घेतले, तिथून सुरुवात झाली. म्हणजे माझ्या संग्रहाची मूळ खरेदी किंमत शून्य रुपये. मी कॉमर्सची आहे, हे आधी लिहून ठेवलेले बरे.

या वस्तूचे मोठे घराणे मात्र युरोपात आहे. १८४५ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगाग्लिया या कारागिराने असे गोळे मांडले, आणि पुढच्या दहा वर्षांत फ्रान्सच्या बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी या तीन कारखान्यांनी त्यात जे काम केले त्याला अजून तोड नाही. रंगीत काचेच्या कांड्यांची जुडी तापवायची, ती जाड जुडी ओढून पेन्सिलीएवढी बारीक करायची, मग काकडीच्या चकत्या कराव्यात तशा चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तेच फूल, फक्त इवलेसे. अशा शेकडो चकत्या मांडून त्यावर स्वच्छ काचेचा घुमट ओतायचा. त्याला मिलेफिओरी म्हणतात, हजार फुले. बाकाराने तर काही गोळ्यांत फुलांच्या मधोमध १८४६ ते १८४९ ही सालेसुद्धा काचेच्या कांडीतूनच घातली आहेत. माझ्याकडे असला एकही नाही, पुढेही येणार नाही, त्यांच्या किमती आपल्या नाहीत. पण रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या बाईला ते काम किती अवघड आहे हे पुस्तकातल्या चित्रावरूनही कळते.

आता मूळ मुद्दा. परिग्रह-परिमाण हे आपले, श्रावक-श्राविकांचे, पाचवे अणुव्रत. साधूंना सगळे सोडायचे असते, आपल्याला मर्यादा घालायची असते. व्रताच्या नावातच परिमाण आहे, म्हणजे मोजमाप. आणि काय काय मोजायचे तेही सांगून ठेवले आहे: क्षेत्र म्हणजे शेतजमीन, वास्तू म्हणजे घर-दुकान, चांदी, सोने, धन, धान्य, नोकरचाकर, जनावरे आणि कुप्य. भांडीकुंडी, घरातले किरकोळ सामान ते कुप्य. माझे तेवीस गोळे याच शेवटच्या डब्यात येतात, हे मला मान्य आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र-वास्तू पहिले येते आणि कुप्य शेवटी. वंदित्तूमध्ये क्रम जरा वेगळा आहे, पण जमीन तिथेही सुटलेली नाही.

मग मला सांगा, आपल्या घरांत क्षेत्राची मर्यादा कोणी कधी उच्चारली आहे? वरवे बुद्रुक पुणे-सातारा रस्त्यावर आहे. या पट्ट्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जमिनीचे काय झाले ते मी सांगायला नको. जिथे भाताची खाचरे होती तिथे गोदामे, हॉटेले आणि प्लॉटिंगचे फलक उभे आहेत. आपले पुरुष चहा पिताना गुंठ्यांतच बोलतात. एक घ्यायचा, तो विकून दोन घ्यायचे, त्याला गुंतवणूक म्हणायचे. काचेचा गोळा तो परिग्रह आणि डोंगरउताराचा पडीक तुकडा ती दूरदृष्टी! सोन्याचेही तेच. लग्नात तिसऱ्या हाराला कोणी परिग्रह म्हणत नाही, त्याला रीत म्हणतात.

आनंद श्रावकाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. उपासकदशांगातला पहिला श्रावक, वाणिज्यग्रामचा. चार कोटी तिजोरीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरखर्चात, दहा-दहा हजार गुरांचे चार गोठे, पाचशे नांगरांची जमीन. महावीर प्रभूंच्या समोर त्याने काय केले? यापुढे एवढेच, असे म्हणून प्रत्येक गोष्टीला आकडा लावला. जमिनीलाही लावला, दातणालाही. व्याख्यानात दातणाचा भाग सांगतात, नांगरांचा सांगतात तो नुसता त्याची श्रीमंती दाखवायला.

आणि हेमचंद्राचार्यांना तर आपले लोक आठशे वर्षे आधीच माहीत होते असे वाटते! या व्रतात पळवाटा कशा काढतात ते योगशास्त्रात आहे. शेतांची संख्या ठरवली असेल तर मधला बांध काढून दोन शेतांचे एक करायचे, म्हणजे आकडा तोच राहतो. दोन घरांमधली भिंत पाडायची. मर्यादेपेक्षा जास्त सोने-चांदी झाले तर मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे देऊन ठेवायचे. हे सगळे अतिचार, म्हणजे व्रताला लागलेला डाग. वाचताना मला हसू आले आणि मग हसू थांबले. कारण मैत्रिणींनो, ते 'दुसऱ्याकडे' म्हणजे बहुतेक वेळा आपणच असतो. आपल्या नावावर किती सर्व्हे नंबर आहेत हे आपल्यापैकी किती जणींना पाठ आहे? सही केली तेव्हा कागद वाचला होता का? ज्या बाईला स्वतःच्या नावावरचा सातबारा दाखवलेला नाही, तिला फडताळातल्या काचेवरून वैराग्य शिकवायचे, याला मी धर्म म्हणणार नाही.

यावर एक चांगले उत्तर मला मिळते आणि ते मी टाळणार नाही. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे, म्हणजे आसक्तीवरून. तेव्हा मोजून काय उपयोग, मन कुठे अडकले आहे ते बघा, असे म्हणतात. खरे आहे. मूर्च्छा काय असते याचे उदाहरण हवे तर इजिप्तचा राजा फारूक आहे. नाणी, घड्याळे, रत्ने आणि फ्रेंच पेपरवेटसुद्धा त्याने जमवले होते. १९५२ साली त्याला देश सोडावा लागला आणि १९५४ साली कैरोच्या राजवाड्यात त्या सगळ्याचा लिलाव झाला.

पण संग्रहाची दुसरी वाटही आहे आणि ती आपल्या पुण्यातच आहे. बाजीराव रोडजवळचे राजा केळकर संग्रहालय तुम्ही मुलांना घेऊन पाहिले असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. कोणत्या वस्तू? दिवे, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, दारे, भांडी. सगळे कुप्य! लहानपणी गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले, पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि हजारो वस्तू झाल्यावर तो सगळा ठेवा सरकारच्या, म्हणजे लोकांच्या, स्वाधीन केला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या नीना गावी इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम नावाच्या बाई होत्या. त्यांनी काचेचे जुने पेपरवेट जमवले, १९४० साली त्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यांचे राहते घर १९५९ पासून लोकांसाठी संग्रहालय झाले. या दोघांच्या मनात आसक्ती नव्हती असे मी कशी म्हणू? पण ज्या वस्तूंवर जीव होता त्याच त्यांनी दिल्या. तिसऱ्या प्लॉटचे असे दान झालेले मी तरी अजून पाहिलेले नाही.

आता जिथे खरोखर रागवायला हवे तिथे कोणी रागवत नाही. हल्ली भेटवस्तूंच्या दुकानांत पारदर्शक प्लास्टिकसारख्या रेझिनचे पेपरवेट आणि किल्ल्यांचे गोफ मिळतात, आत खराखुरा विंचू, भुंगा, खेकडा किंवा फुलपाखरू. खरा! मारून, वाळवून, पाय पसरून ओतलेला. मुलांना 'विज्ञान' म्हणून देतात. आपल्याच एका घरी वाढदिवसाला आलेल्या मुलांना परतभेट म्हणून हे वाटले गेले, आणि त्याच घरी कांदा-लसूण वर्ज्य आहे. पाणी गाळून पिणारे आपण, त्रस जीवाचे प्रेत टेबलावर ठेवून त्यावर बिले ठेवतो? फ्रेंच कारागिरांनीही फुलपाखरू केले, साप केला, पाल-सरड्यासारखे प्राणी केले. पण ते सगळे दिव्याच्या ज्योतीवर रंगीत काच वितळवून केले. पंखावरचा ठिपकासुद्धा काचेचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना अहिंसेची शपथ नव्हती, तरी मारल्याशिवाय सुंदर वस्तू होते हे त्यांनी दाखवले. असली परतभेट घरात आली तर मी ती परत करते आणि का ते तोंडावर सांगते. तुम्हीही सांगा, थोडा वाईटपणा येतो, येऊ द्या.

'अँटिक' म्हणून जे नवे विकतात त्याबद्दलही थोडे. चीनमध्ये १९३० च्या दशकापासूनच या गोळ्यांच्या नकला होत आल्या आहेत. गोळा उलटा करून तळ बघा. खरोखर वापरलेल्याच्या तळाला बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे असतात. नवा मुद्दाम घासला असेल तर ओरखडे एकाच दिशेने जातात. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशातल्या भाच्यांना सांगून ठेवा. आणि गोळा खिडकीत उन्हात कधी ठेवू नका. तो भिंगासारखे काम करतो, खालचा कागद किंवा पडदा पेटू शकतो. धुवायचा तर कोमट पाण्याने, कढत पाण्याने काच तडकते.

माझे परिमाण पंचवीसचे आहे. लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक गोळ्यापुढे तो कुठून आला, काय दिले आणि माझ्यानंतर कोणाला द्यायचा, असे तीन रकाने आहेत. सव्विसावा आवडला तर आधी एक द्यावा लागतो, गेल्या वर्षी दोन दिले. त्याच वहीत मी मागची पाने आखून ठेवली आहेत: क्षेत्र, वास्तू, सुवर्ण. सुवर्णाचे पान माझ्या हातातले होते, ते भरले. क्षेत्राचे पान घरातल्या पुरुषांपुढे दोनदा ठेवले. "बघू" असे उत्तर आले. संवत्सरीच्या आधी तिसऱ्यांदा ठेवणार आहे, आणि या वेळी माझ्या नावावरचे उतारे मी स्वतः काढून सोबत जोडणार आहे. ज्यांना वहीची आखणी हवी असेल त्यांनी कळवा, फोटो पाठवते.