आधी पंख मोजा

बंगळुरूच्या जयनगरात गच्चीवर खताचा डबा ठेवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते: डब्यात अळ्या झाल्यात आणि वर काळी गांधीलमाशी घिरट्या घालतेय. मग कोणीतरी फिनेल ओततं. ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ती गांधीलमाशी नसतेच.

पंख मोजावेत. गांधीलमाशीला चार, मधमाशीलाही चार. खऱ्या माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी तिला दोन बारीक दांडे असतात, टोकाला गाठ असलेले. उडताना अंग कुठे वळलं हे तिला त्यांवरून कळतं. डब्यावरची ती ब्लॅक सोल्जर फ्लाय. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक ठिपके, पायांची टोकं पांढरी, नांगी नाही. आपल्या ताटावर ती येत नाही. तिच्या अळ्या भाजीची देठं आणि उरलेला भात फस्त करतात. वाढ पूर्ण झाली की कोषात जायला कोरडी जागा शोधत त्या आपणहून डब्याबाहेर पडतात. नेमकं तेव्हाच लोक घाबरतात. याच माशीवर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात, एनसीबीएसमध्ये, अभ्यास झाला. पंख आणि ते दांडे एका लयीत हलतात, कारण छातीच्या कवचातूनच ते एकमेकांना जोडलेले असतात, हे तिथल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं.

ओळख पटली की उपायही बदलतो. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी केसाळ, पतंगासारखी छोटी माशी मोरीच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढते. फवारा मारून ती जात नाही, पाइप ब्रशने घासावा लागतो. छातीवर चार काळे पट्टे असले तर घरमाशी. तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असेल तर ती मांसमाशी. ती अंडी न घालता थेट अळ्याच सोडते, म्हणून मांसमासळी उघडी ठेवू नये.

माझी सर्वांत लाडकी मात्र हवेत एका जागी स्थिर राहणारी पिवळी-काळी हॉवरफ्लाय. सगळे तिला मधमाशी समजतात. डोळे मोठे, मिशा अगदी आखूड, पंख दोन. थंडीत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, वेलावर मावा पडला की हिच्या काही जातींच्या अळ्या तो खाऊन टाकतात. औषध फवारलं तर मावा मरतो आणि या अळ्याही मरतात. पुढच्या माव्याला मग मोकळं रान. भारतातल्या या कुळाची सविस्तर नोंद एन्रिको ब्रुनेट्टी यांनी 1923 च्या ग्रंथात केली. ते पेशाने संगीतकार होते. माशा ओळखायला कीटकशास्त्राची पदवीच लागते असं मी म्हणूनच मानत नाही.

भिंग आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. बंगळुरूच्या सकाळच्या गारव्यात माशा सुस्त असतात, जवळ जाऊ देतात. छातीचा, पोटाचा आणि पंखांतल्या शिरांचा असे वेगवेगळे फोटो घ्या. एका फोटोवर जात ठरवायला जाऊ नका, कूळ कळलं तरी पुष्कळ.

तुमच्या तुळशीला मंजिऱ्या आल्या असतील तर उद्या ऊन आल्यावर माशा बघायला तिच्याजवळ थोडा वेळ उभे राहा. आणि खताच्या डब्यात फिनेल ओतू नका.